थीम पार्कचे चाहते नव्या राईडवर जरा जास्तच तुटून पडतात का?

मौजमजेच्या जागांच्या बाबतीत काशीगाव तसं मोक्याच्या ठिकाणी आहे. काशिमीरा नाक्यावरून घोडबंदर रोडला लागलात की ठाण्याच्या बाजूला सूरज वॉटर पार्क आणि टिकुजिनीवाडी. हायवेने वसईची खाडी ओलांडली की विरारकडे द ग्रेट एस्केप. भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गे गोराईकडे गेलात की वॉटर किंगडम आणि त्याला लागून, एके काळी, एस्सेलवर्ल्ड.

त्यामुळे मीरा-भाईंदरमध्ये शाळांना सुट्टी लागली की घराघरांत दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, 'यंदा कुठे जायचं?' आणि दुसरं, 'आता तिथे पहिल्यासारखं काही राहिलं नाही.'

हे दुसरं वाक्य फक्त आपल्याकडचं नाही. जगात कुठेही नवी राईड किंवा नवा विभाग जाहीर झाला की तासाभरात निकाल लागलेला असतो. 'कॉपी आहे', 'पैसे वाया', 'याच्यापेक्षा जुनी राईड बरी होती.' विशेष म्हणजे हे लिहिणारे लोक त्या पार्कचे विरोधक नसतात. ज्यांचा त्या जागेवर सगळ्यात जास्त जीव असतो तेच सगळ्यात आधी तुटून पडतात.

मग हे चाहते नव्या गोष्टीला संधीच देत नाहीत का? की त्यांना जे दिसतं ते इतरांना दिसत नाही?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, दोन्ही. 'हे नवं आणलंच कशाला?' या प्रश्नावर चाहते बऱ्याचदा चुकतात. 'जे देऊ म्हणून सांगितलं होतं, ते दिलं का?' या प्रश्नावर ते बऱ्याचदा बरोबर असतात. अडचण अशी की रागाच्या भरात हे दोन प्रश्न एकाच पोस्टमध्ये एकमेकांत मिसळतात.

आधी, चाहता म्हणायचं कोणाला?

अमेरिकेत डिस्नेलँडच्या जवळ राहणारे अनेक जण वर्षभराचा पास काढतात. ऑफिस सुटल्यावर दोन तास जाऊन येतात. एखाद्या राईडमधल्या बाहुल्याचा हात गेल्या महिन्यापासून हलत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं. त्यांची तुलना गेल्या आठवड्याशी असते.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. बहुतेक कुटुंबं चार-पाच वर्षांतून एकदा जातात. पहिली भेट बहुधा शाळेच्या सहलीची असते, पुढची थेट आपली मुलं मोठी झाल्यावर. म्हणजे आपला चाहता ज्या पार्कवर प्रेम करतो, ते त्याच्या आठवणीतलं पार्क असतं. त्याची तुलना स्वतःच्या दहाव्या वर्षाशी असते. दहाव्या वर्षी आभाळाला टेकलेला पाळणा पस्तिशीत बुटका वाटणारच. त्यात पाळण्याचा दोष नाही.

हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण टीकेची किंमत त्यावर ठरते. वारंवार जाणाऱ्याची टीका ही माहिती असते. आठवणीतून आलेली टीका ही भावना असते. भावना खोटी नसते, पण तिच्यावरून राईड दुरुस्त करता येत नाही.

नवं आलं की राग का येतो?

याची निदान चार कारणं सांगता येतात.

पहिलं, काहीतरी जातं. पार्कची जागा मर्यादित असते. नवी राईड बऱ्याचदा जुनी पाडून किंवा बदलूनच येते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की माणसाला मिळवल्याचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त होतं. जुनी राईड गेली हे त्याच दिवशी कळतं. नवी चांगली आहे हे कळायला बसून पाहावं लागतं.

दुसरं, आठवण गोड होत जाते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहलीला जाणाऱ्या लोकांना सहलीच्या आधी, सहल चालू असताना आणि नंतर प्रश्न विचारले गेले. त्यातली एक सहल कॅलिफोर्नियातली सायकलवरची होती. प्रत्यक्ष सहलीत लोकांनी त्रास नोंदवला, पण नंतर आठवताना तीच सहल जास्त सुंदर सांगितली. एस्सेलवर्ल्डची सहल आठवून पाहा. बोट आठवते, राईड आठवतात, ओले कपडे आठवतात. उन्हातली रांग बहुतेक आठवत नाही.

तिसरं, ओळखीचं ते आवडतं. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट फक्त पुन्हा पुन्हा समोर आली, तरी ती आवडू लागते. नव्या राईडकडे हा फायदा पहिल्या दिवशी नसतो. तो मिळायला काही वर्षं जावी लागतात.

चौथं, लिहितं कोण? ऑनलाइन अभिप्रायांच्या अभ्यासात एक गोष्ट वारंवार दिसते. मत मांडायला येणारे बहुतेक एक तर फार खूश असतात किंवा फार चिडलेले. 'ठीक होतं, मुलांना मजा आली' असं वाटणारा माणूस घरी येऊन झोपतो. त्यामुळे पडद्यावर दिसणारं मत हे सगळ्यांचं मत नसतं.

आणखी एक साधी तुलना करून पाहा. गावच्या जत्रेत दरवर्षी आकाशपाळणा येतो. कधी मोठा, कधी लहान, कधी मालकच वेगळा. त्यावर कोणी लांबलचक टीका लिहीत नाही. कारण जत्रेतला पाळणा 'माझा' नसतो. तो येतो आणि जातो. थीम पार्क मात्र एकाच जागी राहतं, आपल्या सोबत मोठं होतं, आणि म्हणून त्याच्यावर आपण हक्क सांगायला लागतो. टीकेतला कडवटपणा या हक्कातून येतो.

चाहते कधी चुकले?

२७ मे २०१७ हा दिवस या बाबतीत मजेशीर आहे. त्या एकाच दिवशी अमेरिकेच्या दोन टोकांना डिस्नेची दोन नवी आकर्षणं सुरू झाली आणि दोन्हींवर आधीपासून टीकेचा भडिमार झालेला होता.

फ्लोरिडातल्या ॲनिमल किंगडममध्ये 'अवतार' चित्रपटावर आधारित 'पँडोरा' हा विभाग सुरू झाला. घोषणा २०११ मध्येच झाली होती. खऱ्या प्राण्यांच्या पार्कात निळ्या परग्रहवासीयांचं काय काम, त्या चित्रपटातलं एक तरी पात्र कोणाच्या लक्षात आहे का, असे प्रश्न चाहते सहा वर्षं विचारत होते. विभाग उघडला आणि त्यातल्या उड्डाणाच्या राईडसाठी लोक कित्येक तास रांगेत उभे राहू लागले. चित्रपट आठवतो का हा प्रश्नच मागे पडला, कारण जागा म्हणून ती उत्तम बनली होती.

त्याच दिवशी कॅलिफोर्नियात 'टॉवर ऑफ टेरर' या उंच इमारतीतल्या राईडच्या जागी 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'ची राईड आली. इमारतीला पाइप आणि रंग लावून विद्रूप केलं, असा चाहत्यांचा आक्षेप होता. सुरू झाल्यावर तीही गर्दी खेचू लागली.

यातली खरी गंमत पुढे आहे. ज्या टॉवरसाठी २०१७ मध्ये चाहते हळहळत होते, तो कॅलिफोर्नियात २००४ मध्ये आला होता. तेव्हा हेच चाहते म्हणत होते की फ्लोरिडातल्या मूळ टॉवरची ही स्वस्तातली नक्कल आहे. तेरा वर्षांत नक्कल वारसा झाली. टॉवर तोच होता, आठवणी तेवढ्या जमल्या होत्या.

आणि कधी बरोबर निघाले?

२००१ च्या फेब्रुवारीत डिस्नेलँडच्या समोरच 'कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर' हे दुसरं पार्क सुरू झालं. चाहत्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: राईड कमी, सजावट स्वस्त, आणि कॅलिफोर्नियात येऊन कॅलिफोर्नियाचीच प्रतिकृती कोण पाहणार? यावेळी गर्दीनेही तेच सांगितलं. पहिल्या वर्षी शेजारच्या डिस्नेलँडच्या निम्म्याहून कमी लोक तिथे आले. सिनेतारकांच्या थट्टेची एक राईड तर वर्षभराच्या आत बंद करावी लागली. शेवटी २००७ मध्ये कंपनीने पार्क नव्याने घडवण्यासाठी सुमारे ११० कोटी डॉलरची योजना जाहीर केली आणि २०१२ मध्ये ते काम पूर्ण झालं. चाहत्यांची टीका कडू होती, पण पार्क त्या टीकेमुळे बिघडलं नाही. पार्कमधलं जे बिघडलं होतं ते टीकेने आधी सांगितलं.

दुसरं उदाहरण फ्लोरिडातल्या एपकॉटचं. तिथल्या कल्पनाशक्तीवरच्या राईडमध्ये १९८३ पासून 'फिगमेंट' नावाचा छोटा जांभळा ड्रॅगन होता. १९९९ मध्ये राईड बदलली आणि तो जवळजवळ गायब झाला. चाहते इतके नाराज झाले की नवी आवृत्ती दोनच वर्षं टिकली. २००२ मध्ये राईड पुन्हा बदलली आणि फिगमेंट परत आला.

या चारही उदाहरणांत एक समान धागा दिसतो. पँडोरा आणि गार्डियन्सवरची टीका सुरू होण्याच्या आधीची होती, कल्पनेवरची होती. कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर आणि फिगमेंटवरची टीका पाहून झाल्यानंतरची होती, अनुभवावरची होती.

हे आपल्याकडे कुठे दिसतं?

त्यासाठी भायखळ्याला जायला हवं. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीबाग, हे थीम पार्क नाही. पण कित्येक पिढ्यांची ती सहलीची जागा आहे, महापालिका तिथे नवनवी आकर्षणं आणते, आणि तिचे चाहते फार कडवे आहेत. म्हणून हा प्रश्न तिथे अगदी नीट दिसतो.

२००७ च्या सुमारास महापालिकेने तिथल्या प्राणिसंग्रहालयाचा कायापालट करण्यासाठी शेकडो कोटींचा आराखडा आणला. बागेत नेहमी फिरायला जाणाऱ्या काही नागरिकांनी विरोध सुरू केला. हा विरोध 'पूर्वी किती छान होतं' एवढ्यावर थांबला नाही. राणीबाग मुळात वनस्पती उद्यान आहे, तिथे हजारो झाडं आहेत, त्यात गोरखचिंच आणि उर्वशीसारखी शहरात सहसा न दिसणारी झाडं आहेत, आणि आराखड्यामुळे यांतल्या कशाकशाला धक्का लागेल, हे त्यांनी झाडांची नावं घेऊन मांडलं. बागेच्या वारसा दर्जाचा मुद्दा वारसा समितीपर्यंत गेला. मूळ आराखडा पुढे सरकला नाही आणि नंतरचा आराखडा बराच छोटा झाला.

बाग रोज पाहणाऱ्यांनाच हे करता आलं, कारण त्यांची तक्रार नेमकी होती.

आता त्याच जागेतलं दुसरं प्रकरण पाहा. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. टीकेचा पाऊस पडला. त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

एक होती, 'मुंबईच्या उकाड्यात बर्फातला पक्षी कशाला?' यातली अर्धी गोष्ट मुळातच चुकीची होती. हम्बोल्ट पेंग्विन बर्फात राहत नाहीत, ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात. तरी मुंबईचा उकाडा त्यांना सोसणारा नाही आणि थंड दालन लागणारच होतं, हे खरं.

दुसरी होती, 'यांची काळजी घ्यायची तयारी आहे का?' हा प्रश्न मात्र रास्त होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये, म्हणजे दालन लोकांसाठी खुलं होण्याच्या आधीच, एक पेंग्विन दगावला. २०१८ मध्ये जन्मलेलं पहिलं पिल्लूही काही दिवसांतच गेलं. पुढे २०२१ मध्ये जन्मलेली पिल्लं मात्र जगली.

मार्च २०१७ मध्ये दालन खुलं झालं आणि गर्दी लोटली. त्याच वर्षी ऑगस्टपासून प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झालं, आईवडील आणि दोन मुलांच्या कुटुंबासाठी १०० रुपये. त्यावरही टीका झाली. ५ रुपयांत दिवसभर सावलीत बसता येणारी जागा गेली, हे म्हणणं कोणाला रडगाणं वाटेल. पण ज्या घरात १०० रुपयांचाही विचार करावा लागतो, त्या घरासाठी ती साधी वस्तुस्थिती होती.

म्हणजे एकाच आकर्षणावर तीन टीका झाल्या. पहिली बरीचशी ऐकीव होती, दुसरी गरजेची होती, तिसरी कोणाच्या खिशातून पाहता त्यावर अवलंबून होती. 'लोक फार टीका करतात' असं म्हणून तिन्ही एकत्र फेकून देता येत नाहीत.

एस्सेलवर्ल्ड आणि इमॅजिका काय सांगतात?

गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि शेजारचं वॉटर किंगडम १९९८ मध्ये. मार्वे किंवा गोराईच्या जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडायची हाच अर्धा आनंद होता. 'घरी जायचंच नाही' असा हट्ट धरणारी त्यांची जाहिरात नव्वदच्या दशकातल्या मुलांना आजही तोंडपाठ आहे. झिपर डिपर आणि टॉप स्पिन ही नावं घेतली तरी तिशी-चाळिशीतल्या माणसाचा चेहरा बदलतो.

कोविडच्या काळानंतर एस्सेलवर्ल्ड लोकांसाठी बंद झालं, वॉटर किंगडम चालू राहिलं. बातमी आली तेव्हा समाजमाध्यमांवर जुन्या फोटोंची आणि हळहळीची लाट आली. ज्या राईडना आदल्या वर्षांत 'जुनाट' म्हटलं जात होतं, त्या रातोरात 'आमचं बालपण' झाल्या.

यातून स्वतःला विचारण्यासारखा एक प्रश्न निघतो. हळहळणाऱ्यांपैकी किती जण त्याआधीच्या दहा वर्षांत तिथे गेले होते? पार्क बंद होण्यामागे अनेक कारणं असतात आणि त्याचं खापर प्रेक्षकांवर फोडणं योग्य नाही. पण पार्क आठवणींवर चालत नाही. वीजबिल, देखभाल आणि पगार तिकिटातूनच निघतात.

दुसरीकडे, खोपोलीजवळचं इमॅजिका. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्सने ते एप्रिल २०१३ मध्ये सुरू केलं. पाय अधांतरी सोडून उलटं करणारी 'नायट्रो' ही रोलर कोस्टर, 'मिस्टर इंडिया'वरची राईड, 'सलीमगढ', 'अलिबाबा' असं बरंच काही. आल्या दिवसापासून त्याची तुलना डिस्ने आणि सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओशी झाली. तुलना करणाऱ्यांत अनेक जण असे होते ज्यांनी त्या जागा फक्त व्हिडिओत पाहिल्या होत्या. व्हिडिओत रांग नसते, ऊन नसतं, आणि तिकिटाचा आकडा रुपयांत दिसत नाही.

'सगळं तिकडचं उचललंय' हा आक्षेपही सरसकट खरा नाही. तिथल्या पाण्यातल्या राईडचा डायनासोर 'राजासॉरस' आहे. तो खरा भारतीय डायनासोर आहे. त्याचे अवशेष गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. मराठी घरातल्या मुलाला आपल्या भूमीतला डायनासोर एखाद्या राईडमुळे कळत असेल, तर त्याचं श्रेय द्यायला हवं.

पण म्हणून चाहत्यांनी गप्प बसावं असंही नाही. जाहिरातीत आंतरराष्ट्रीय दर्जा सांगितला की लोक त्याच मापाने मोजणार. खर्च, कर्ज आणि येणारी गर्दी यांचं गणित इमॅजिकाच्या मूळ मालकांना जुळवता आलं नाही. शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते हाती घेतलं. लोणावळा आणि शिर्डीची वेट एन जॉय वॉटर पार्क आणि शिर्डीचं साई तीर्थ चालवणारा हाच समूह.

या दोन पार्कांकडे एकत्र पाहिलं तर आपल्याकडचा खरा त्रास कडक टीका हा नाही असं दिसतं. त्रास असा आहे की पार्क चालू असताना आपण त्याबद्दल फारसं नेमकं बोलत नाही आणि बंद पडल्यावर फार भावुक होतो.

कोणत्या टीकेचा उपयोग होतो?

यासाठी पार्क कसं चालतं हे थोडं समजून घेऊ. रोलर कोस्टरचा रूळ एकदा उभा राहिला की वीस-पंचवीस वर्षं तोच असतो. 'अजून दोन लूप हवे होते' ही तक्रार कितीही खरी असली, तरी तिचं काही होऊ शकत नाही. पण राईड चालवायची कशी, हे उद्यापासून बदलता येतं.

रांगेचं साधं गणित पाहा. समजा एका गाडीत २४ जण बसतात. दर २ मिनिटांनी गाडी सुटली तर तासाला ३० फेऱ्या, म्हणजे ७२० माणसं. तीच गाडी दर ४ मिनिटांनी सुटली तर ३६० माणसं. रांगेत ७२० जण असतील तर शेवटच्या माणसाला पहिल्या प्रकारात एक तास लागेल, दुसऱ्या प्रकारात दोन तास. राईड तीच, रूळ तोच. पट्टे तपासायला माणसं कमी आहेत, बॅगा ठेवायला जागा नाही, किंवा दोनपैकी एकच गाडी चालू आहे, एवढ्याने दिवस बिघडतो.

म्हणून 'भंगार राईड आहे' या पोस्टचा कोणाला काही उपयोग नाही. 'रविवारी दुपारी १२ ते २ एकच गाडी चालू होती, रांगेवर छप्पर नव्हतं, प्यायच्या पाण्याचा नळ बंद होता' या पोस्टचा उपयोग व्यवस्थापनाला आहे आणि पुढच्या रविवारी जाणाऱ्या कुटुंबालाही आहे. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त कठोर आहे, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं. पण ते अन्याय करत नाही.

कठोर टीका आणि अन्याय्य टीका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कठोर टीकेत तपशील असतो. अन्याय्य टीकेत फक्त आवाज असतो.

आणखी एक गोष्ट वेळेची. १७ जुलै १९५५ रोजी पहिलं डिस्नेलँड उघडलं तो दिवस फसलेला होता. बनावट पास घेऊन लोक घुसले, अनेक पाण्याचे नळ कोरडे होते आणि उन्हाने मऊ झालेल्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतत होत्या. त्या दिवशी कोणी निकाल लावला असता तर तो खराच असता, पण शेवटचा नसता. नव्या राईडचा पहिला आठवडा हा बहुतेक वेळा तालमीचा आठवडा असतो. मात्र त्या आठवड्यात तिकीट पूर्ण घेतलं असेल, तर तक्रारही पूर्ण करायचा हक्क असतो.

एका बाबतीत मात्र 'जास्त टीका' असं काही नसतं

ती म्हणजे सुरक्षितता. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या पार्कमध्ये झोके घेणारी एक राईड तुटून कोसळली. दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. अशा घटनेनंतर सगळेच बोलतात. पण पट्टा नीट लागत नाही, लॉक सैल आहे, उंचीची अट न पाहता मुलांना बसवतात, हे आधी दिसतं ते नेहमी येणाऱ्यालाच.

इथे 'चाहते उगाच बाऊ करतात' म्हणणं धोक्याचं आहे. अशी गोष्ट दिसली तर व्हिडिओ टाकण्याच्या आधी तिथल्या तिथे राईड चालवणाऱ्याला सांगा, लेखी तक्रार द्या आणि मग हवं तर जगाला सांगा. उलट बाजूही आहे. जोराच्या पावसात किंवा विजा चमकत असताना राईड थांबवली, म्हणून 'पैसे बुडाले' अशी ओरड होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे हमखास घडतं. पैसे किंवा पुढची तारीख मागा, ते रास्त आहे. पण राईड थांबवली याबद्दल रागावू नका. त्या दिवशी पार्कने बरोबर काम केलेलं असतं.

पोस्ट टाकण्याआधी स्वतःला विचारायचे चार प्रश्न

मी स्वतः बसलो आहे का? नसेल तर ते मत जाहिरातीबद्दल आहे, राईडबद्दल नाही. तसं लिहा.

मी कशाशी तुलना करतोय? गेल्या भेटीशी, पार्कने दिलेल्या शब्दाशी, की स्वतःच्या लहानपणाशी? तिसरं असेल तर तेही सांगायला हरकत नाही, फक्त त्याला दोष म्हणू नका.

हे बदलता येण्यासारखं आहे का? सावली, पाणी, स्वच्छतागृह, खाण्याचे दर, रांग, बंद राईडची आगाऊ सूचना, हे सगळं बदलता येतं. यावर जेवढं नेमकं बोलाल तेवढं कमी आहे.

ही राईड कोणासाठी आहे? सहा वर्षांच्या मुलीसाठी बनवलेल्या राईडमध्ये तिशीतल्या माणसाला थरार मिळाला नाही, तर राईड फसली असं होत नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून निकाल लावा.

मग शेवटी, चाहते फार कठोर असतात का?

न पाहिलेल्या गोष्टीबद्दल, हो. पाहिलेल्या गोष्टीबद्दल, बहुतेक वेळा नाही. राणीबागेची झाडं नावानिशी ओळखणारे लोक नसते, तर तो आराखडा कदाचित तसाच पुढे गेला असता. चाहत्याची किंमत तिथे कळते. त्याला जागा माहीत असते आणि तो बोलायला घाबरत नाही.

काशीगावातून गोराई, ठाणे किंवा विरार, कुठेही जायला एक सुट्टीचा दिवस पुरतो. एखादं पार्क 'पहिल्यासारखं राहिलं नाही' असं वाटत असेल, तर यंदाच्या मे महिन्यात किंवा दिवाळीत एकदा जाऊन या. नवी राईड असेल तर तिच्यात बसा. नाही आवडली तर काय आवडलं नाही, ते वार आणि वेळेसकट लिहा. आवडली तर तेही लिहा, कारण 'ठीक होतं, मुलांना मजा आली' हे वाक्य फार कमी लोक लिहितात आणि पुढच्या कुटुंबाला तेच वाचायचं असतं.